जामिनाचा गुलाबी कागद

भाईंदर (पूर्व),
रविवार, १२ नोव्हेंबर १९९५

चि. जीवन यास आईचा जयभीम आणि आशीर्वाद.

पत्र लिहिण्यास कारण की. इथं पंचशीला पेन धरून थांबली आहे आणि म्हणते, आजी, कारण सांग. म्हटलं, आईनं पोराला पत्र धाडायला कारण लागतं का गं? तर म्हणते, शाळेत असंच शिकवतात. मग लिही बाई, कारण असं की तू जाऊन चार वर्षं होत आली आणि मी अजून मेले नाही.

तुझा पत्ता लवूनं दिला. तुझ्या रिक्षा स्टँडवरचाच लवू. वापीला गेला होता तेव्हा तू भेटलास म्हणाला. तू जाड झालास, एका कारखान्यात सुपरवायझर आहेस, आणि लग्न केलंस, हे सगळं मला लवूच्या तोंडून कळलं. सुनेचं नाव दिव्या एवढंच त्याला ठाऊक. गोरी की काळी विचारलं तर म्हणाला, आजी, मी तिच्या हातचा चहा प्यायलो, तोंड कुठं बघत बसू. चहा चांगला होता म्हणे. चला, एवढं तरी कळलं.

अक्षर ओळखलंस का? तू गेलास तेव्हा हिला नाक पुसता येत नव्हतं. आता आठवीत आहे आणि मला व्याकरण शिकवते. (हे मी लिहिणार नव्हते, काका. आजीने लिहायला लावलं. – पंचशीला)

माझी तब्येत बरी. गुडघे आहेत, दुखतात, म्हणजे आहेत हे कळतं. खोकला आहे, पण तो शहाणा आहे. आठवडाभर कुठं दिसत नाही, रविवारी विहारात वंदनेला बसलं की बरोबर येतो. बायका ओवा देतात, खडीसाखर देतात. मी घेते. फुकटचं कोण सोडतं.

आता खरी बातमी. नागोराव घर घेतोय. तुझा भाऊ, जो नवी चप्पल घ्यायची तर तीन दुकानं फिरून जुनी शिवून आणतो, तो घर घेतोय. आधी आम्ही सगळी नटूनथटून मीरा रोडला पूनम सागर कॉम्प्लेक्सकडं घर बघायला गेलो. तिथल्या वॉचमननंच भाव सांगितला आणि आम्ही त्याचे आभार मानून परत आलो. मग इथंच, चाळीच्या पुढं खाडीच्या बाजूला एक बिल्डिंग होतेय, तिथं दुसऱ्या माळ्यावर बघितलं. एक खोली, किचन, आत मोरी, आत संडास. घराच्या आत संडास म्हटल्यावर मला कसंसंच वाटलं होतं. पण पहाटे डबा धरून रांगेत उभं राहणाऱ्या गुडघ्यांना विचारलं, ते म्हणाले, असू दे आत.

तुझी वैजयंता वहिनी तर रोज जेवण झालं की त्या बिल्डिंगीवरून चक्कर मारून येते. अजून भिंतींना गिलावा नाही, पण तिनं कॅलेंडर कुठं लावायचं ते ठरवलंय. दिवसभर इमिटेशनच्या माळा ओवते, त्यातले दहा रुपये बाजूला टाकते. बिल्डरला पाच हजार बयाणा दिलाय. एकतीस मार्चपर्यंत बँकेचं कर्ज मंजूर झालं तर घर आपलं, नाही तर बिल्डर दुसऱ्याला देणार आणि बयाण्यातले अर्धे कापणार.

आणि बँक अडून बसली आहे.

बँकेचे साहेब चांगले आहेत. माझ्यासमोर म्हणाले, पगार ठीक आहे, नोकरी जुनी आहे, पण पत खराब आहे. केबिन रोडच्या पतपेढीत तुमचं नाव थकबाकीदारांत आहे, तिथून थकबाकी नसल्याचं पत्र आणा, मग बोलू. ते कर्ज कुठलं ते तुला सांगायला नको. तुझ्या रिक्षाचं. पतपेढीचा कागद म्हणतो की नागोराव त्याला जामीन आहे. नागोराव म्हणतो, मी सही केलीच नाही. पंढरीनाथ कारकून म्हणतो, केली. तू काय म्हणालास ते चार वर्षांपूर्वी सगळ्या चाळीनं ऐकलं. त्यात मी काय बोलू? मी अडाणी बाई.

पतपेढीच्या दारात फळा आहे. त्यावर नावं रंगवली आहेत. मला वाचता येत नाही, पण नागोरावचं नाव मी रेशनकार्डावर पाहून पाहून ओळखते. पहिल्या अक्षराच्या शेजारी काठी उभी, दुसऱ्याच्या काठीवर निशाण. वरून तिसरं आहे ते. नागोराव आता केबिन रोडनं जातच नाही. बाजार तिथं, दवाखाना तिथं, पण हा मागच्या गल्लीतून गटार ओलांडून जातो. एकदा पाय घसरून पडला. घरी म्हणाला, केळ्याची साल होती. त्या गल्लीत केळी कोण खातं?

तर जीवन, तुला जमेल तसं काही पाठव. पंधरा हजारांचे व्याजासकट चोवीस झालेत. सगळे नाही म्हणत. आणि दोन ओळी भावाला लिही. मागचं काही काढू नकोस. सही कुणाची, खरं कोण, खोटं कोण, ते काढू नकोस. नुसतं लिही की बरा आहे.

सुनेला आशीर्वाद. चहात साखर किती घालते ते कळव.

तुझी आई
धुरपताबाई
(अंगठा आजीचा, डाग माझ्या शाईपेनचा. – पं.)

———

भाईंदर (पूर्व),
बुधवार, २४ जानेवारी १९९६

चि. जीवनला आईचा जयभीम. घरी सगळी सुखरूप, तिकडं तुम्ही दोघं सुखरूप असाल.

अक्षर बदललेलं बघून घाबरू नकोस. पंचशीला बरी आहे. हे पत्र शेजारची आशा लिहितेय. रत्नागिरीची, बालवाडीत शिकवते, तू गेल्यावर इथं राहायला आली. तिचं अक्षर असं गोल की बघणाऱ्याला भूक लागावी. पंचशीलाची परीक्षा आहे म्हणून तिला त्रास दिला नाही. (परीक्षा मार्चमध्ये आहे, असं मी आजींना म्हटलं. त्या म्हणाल्या, तू लिही. – आशा)

तुझी मनीऑर्डर मिळाली. पाचशे रुपये. पोस्टमनसमोर अंगठा उठवला. तुझं पत्रही मिळालं. ते पंचशीलानं मला वाचून दाखवलं, घरात कुणी नसताना. तू लिहिलंस, "भाऊने सही करून नंतर तोंड फिरवलं. मला चारचौघांत सहीचोर म्हणाला. त्याच्या दारात मी पाय ठेवणार नाही. पैसे तुझ्यासाठी पाठवतोय, त्याच्यासाठी नाही." पोरीनं वाचलं, घडी घातली, आणि मला विचारलं, "आजी, काका म्हणतो बाबांनी सही केली. बाबा म्हणतात केली नाही. मग खोटं कोण बोलतंय?"

मी म्हटलं, जा, डाळ बघ, लागेल.

डाळ चुलीवर नव्हतीच. म्हणून तिची परीक्षा आहे.

घराचं सांगते. बँकेच्या साहेबांनी नागोरावला समजावलं. म्हणाले, पत ही मोडलेल्या हाडासारखी आहे, लगेच नाही सांधत, पण सांधते. पतपेढीशी बोला, हप्ते पाडून घ्या. तीन महिने एकही हप्ता चुकवू नका, मग ते पत्र देतील आणि मी कर्ज मंजूर करतो. बिल्डरला मी सांगतो थोडं थांबायला. एवढा चांगला माणूस. वैजयंतानं तर तिथंच पर्समधून पहिला हप्ता काढायला सुरुवात केली. माळांचे पैसे, सगळे दहा-दहाच्या नोटा.

नागोरावनं तिचा हात धरला. म्हणाला, "एक रुपया भरायचा नाही. भरला म्हणजे सही माझी झाली."

साहेब म्हणाले, "अहो, सही कुणाचीही असो, घर तर तुमचं होतंय ना?"

तर म्हणतो, "साहेब, माझ्या बापानं गावात दुसऱ्याच्या बांधावरचं बोर उचललं नाही. मी न केलेली सही माझी म्हणू? घर नाही झालं तर नाही झालं."

तुला ठाऊक आहे तो कसा आहे. लहानपणी शेजारच्याची कोंबडी तुम्ही दोघांनी मिळून सोडली, आणि मार खायला हा एकटा गेला, वर कोंबडीची माफी मागून आला.

पहिला हप्ता भरला असता तर आता दुसऱ्याची वेळ आली असती. तो पैसे जवळ असून भरत नाही, आणि व्याज बसलं आहे चढत. त्यानं आता उलटं केलंय. पंढरीनाथ कारकुनाविरुद्ध अर्ज दिलाय, की यानं आणि माझ्या भावानं मिळून माझी खोटी सही केली. पाच मार्चला पतपेढीची कमिटी बसणार आहे. पंढरीनाथची नोकरी जाईल म्हणतात.

परवा तो पंढरीनाथ घरी आला होता. वाळलेला माणूस, शर्टाच्या खिशाला दोन पेनं, बसायला सांगितलं तरी दारातच उभा. नागोरावशी काहीतरी बोलला. नागोराव इतका भडकला की त्याची कॉलर धरली. वैजयंतानं सोडवलं. काय बोलणं झालं ते मला नीट ऐकू आलं नाही. कान पण आता गुडघ्यांच्या वाटेनं चाललेत. आशा म्हणते, तिला भिंतीपलीकडं शब्द न् शब्द ऐकू आला. तरुण कान आहेत तिचे.

आशा माझ्याकडं बघतेय. लिही बाई, बघू नको.

रविवारचा खोकला तसाच आहे. आशानं अडुळशाची बाटली आणून दिली. गोड आहे. पंचशीलानं अर्धी संपवली.

जीवन, तुला आणखी एक सांगायचं होतं. तू ज्या दिवशी गेलास त्या दिवसाचं. आशा, जरा थांब.

राहू दे. आशा म्हणते आंतर्देशीय अजून अर्धं कोरं आहे. त्याचं काय करायचं? तसंच धाडते. पैसे तर पुऱ्याचे भरलेत.

तुझी आई
धुरपताबाई, अंगठा

———

भाईंदर (पूर्व),
रविवार, ३ मार्च १९९६

चि. जीवनला आईचा जयभीम.

हे अक्षर तू ओळखशील. तुझी शाळेची पाटी ह्याच हातानं गिरवून दिली होती.

नागोरावला आज सुट्टी आहे. मी त्याला म्हटलं, जीवनला पत्र लिहायचंय, तू लिही. तो म्हणाला, "पंचशीलाला सांग, आशाला सांग, मीच सापडलो का? त्याला लिहायला माझा हात उठत नाही." मी म्हटलं, तू नको लिहूस. मी सांगते, तू नुसता पेन धर. पेनाला कुठं राग असतो. तर बसला आहे. पाठ माझ्याकडं, तोंड भिंतीकडं. बरं आहे. मला तेच पाहिजे होतं.

नागोराव, जे सांगेन ते लिहायचं. मधे बोलायचं नाही, खोडायचं नाही. हे पण लिही.

जीवन, गेल्या गुरुवारी मी एकटी पतपेढीत गेले. रस्ता विचारावा लागला नाही. मी आधीही गेले होते.

पहिल्यांदा गेले ते एक्क्याण्णव साली. तुला रिक्षा घ्यायची होती. पतपेढी म्हणाली, पगारदार जामीन आण. तू मला म्हणालास, आई, भाऊला तू विचार, मला भीती वाटते. मी हो म्हटलं. आणि विचारलं नाही. मला ठाऊक होतं तो नाही म्हणणार. तो म्हणायचा, जीवनला गाडी सांभाळता येत नाही, आधी दोन वर्षं दुसऱ्याची चालवू दे. त्याचं बरोबर होतं. डोंगरीच्या वळणावर तू रिक्षा उलटवलीस, तिथं ते कळलं. पण तेव्हा तू घरात रिकामा बसून होतास, अर्ध्या ताटावरून उठत होतास, आणि मला ते बघवत नव्हतं.

मी पंढरीनाथकडं गेले. म्हटलं, माझा मोठा कारखान्यात पहिल्या पाळीला असतो, त्याला इथं यायला जमत नाही, कागद द्या, मी सही घेऊन येते. तो म्हणाला, "आजी, जामीन माणसानं माझ्यासमोर सही करायची असते." मी म्हटलं, माझ्या तोंडाकडं बघा, मी लबाड दिसते का? त्यानं बघितलं आणि कागद दिला. एवढाच त्याचा गुन्हा. म्हाताऱ्या बाईचं तोंड बघून विश्वास ठेवला.

त्याच आठवड्यात चाळीत विजेच्या मीटरचे अर्ज चालले होते. प्रत्येक घराला चार-चार कागद. नागोराव पहाटे कामावर निघालेला, एक पाय चपलेत. मी सगळे कागद एकावर एक धरले आणि म्हटलं, मीटरचे आहेत, सह्या कर, तो माणूस सकाळी न्यायला येणार आहे. दिवा मिणमिणता. मीटरचे कागद पांढरे होते. पतपेढीचा गुलाबी. मला अक्षर येत नाही, पण रंग येतो. गुलाबी मी शेवटी ठेवला आणि वरचे पांढरे अंगठ्यानं दाबून त्याची खालची जागा तेवढी दाखवली.

त्यानं सही केली. न वाचता. आईनं धरलेला कागद कोण वाचतं.

थांबला आहे. पेन कागदावर टेकवून बसला आहे, शाईचा ठिपका मोठा होत चाललाय. नागोराव, ठिपका पडू दे, पण लिही.

उठून बाहेर गेला.

हे पुढचं तो परत आल्यावर लिहितोय. नळावर जाऊन बराच वेळ हात धूत होता, वैजयंतानं सांगितलं. नळाला पाणी नव्हतं. परत आला, बसला. या वेळी तोंड माझ्याकडं आहे. एकच विचारलं, "मीटरच्या अर्जाच्या दिवशी?" मी म्हटलं, हो. म्हणाला, "पुढं सांग."

सांगते. जीवन, तुला येऊन मी काय सांगितलं ते आठव. म्हटलं, भाऊनं सही दिली, पण त्याच्याकडं विषय काढू नकोस, त्याला आभार मानलेले आवडत नाहीत. तू कधी काढला नाहीस. मनात मानत राहिलास. त्याच्यासाठी वडापाव आणायचास, त्याच्या पोरीला रिक्षातून शाळेत सोडायचास. त्याला वाटायचं, पोरगा सुधारला.

मग रिक्षा उलटली, तुझा पाय मोडला, हप्ते थांबले, आणि नागोरावच्या नावानं नोटीस आली. त्यानं ती घेऊन सगळ्या चाळीदेखत तुला विचारलं, माझी सही कुणी केली? तू म्हणालास, तूच केलीस. तो म्हणाला, सहीचोर. तेव्हा तू माझ्याकडं बघितलंस.

मी तांदूळ निवडत होते. मी वर बघितलं नाही. त्या तांदळात एक खडा नव्हता, रेशनचे नव्हते ते, दुकानातले होते. तरी मी निवडत राहिले. तू पिशवी घेऊन लंगडत गेलास तोपर्यंत निवडत होते.

सहीचोर मी. भावानं तुला जे नाव ठेवलं ते माझं होतं. तू चार वर्षं वागवलंस.

मनात म्हटलं होतं, दोन दिवसांनी सांगेन, राग उतरला की सांगेन. मग वाटलं, तू गेलासच, आता एकाला कशाला घालवू. माझ्यावर कुणी संशय घेतला नाही. अडाणी बाई कागदात काय करणार? मी माझ्या अडाणीपणाच्या आडोशाला बसून राहिले. सगळ्यांच्या सोयीचा आडोसा होता.

जानेवारीत पंढरीनाथ घरी आला तेव्हा त्यानं नागोरावला सांगितलं, "तो कागद तुमच्या आईनं नेला आणि आईनंच आणून दिला." माझे कान चांगले आहेत. नागोरावनं त्याची कॉलर धरली ती त्यासाठी. म्हणाला, "माझ्या आईचं नाव घेतोस?" आणि मागं वळून मला विचारलं, "आई, तू गेली होतीस?" मी म्हटलं, मला काय ठाऊक बाबा कुठली पतपेढी.

खोटं एकदाच बोलावं लागतं असं वाटलं होतं. त्याला पण हप्ते असतात. आणि ते मी एकही चुकवला नाही.

विहारातला खोकला तुला सांगितला होता. भंतेजी पंचशील देतात, सगळे मागून म्हणतात. पहिलं, दुसरं, तिसरं मी मोठ्यानं म्हणते. चौथं येतं, मुसावादा वेरमणी, खोटं बोलणार नाही. तिथं मला खोकला येतो. पाचव्याला परत गळा साफ. चार वर्षं मी चारच शीलांवर चालले आहे. बायका मला खडीसाखर देत बसल्या.

तर गुरुवारी पतपेढीत जाऊन मी पंढरीनाथला म्हटलं, लिहून घ्या, कागद मी नेला, सही मी फसवून घेतली, हा माझा अंगठा. त्यानं अंगठा घेतला नाही. म्हणाला, "आजी, हे मला ठाऊकच आहे. ज्याला ठाऊक नाही त्याला सांगा." पाणी दिलं प्यायला. त्या फळ्याखाली बसून मी पाणी प्यायले. वरून तिसरं नाव.

तोंडावर सांगायला जीभ उचलेना. तीन दिवस डाळभात वाढताना सांगायचं ठरवलं आणि लोणचं वाढलं. म्हणून तुझं पत्र मधे धरलं. तेव्हा कागद धरून त्याला फसवलं, आज कागद धरूनच सांगते. मला दुसरी रीत येत नाही.

आता घराचं. एकतीस मार्चच्या आत तीन हप्ते होणार नाहीत. जानेवारीत सांगितलं असतं तर बँकेचे साहेब थांबायला तयार होते. हे घर बहुतेक जाईल आणि अर्धा बयाणाही. दुसऱ्या माळ्यावरची वैजयंतानं कॅलेंडरला ठरवलेली भिंत कुणा दुसऱ्याची होईल. ती दारात उभी राहून सगळं ऐकतेय. आत गेली, माळांचा डबा घेऊन आली आणि माझ्यासमोर ठेवला. मला कळलं. सुई दिसत नाही मला, पण मोठे मणी हाताला लागतात. पतपेढीचा पहिला हप्ता माझ्या माळांचा जाईल. किती दिवस लागतील ते विचारू नकोस. मी अजून मरत नाही.

मंगळवारी कमिटी आहे. नागोराव तिथं काय सांगणार ते मी विचारलं नाही. लिहितोय फक्त. एकही शब्द खोडलेला नाही, मला दिसतंय, रेघा सरळ आहेत.

तुला ये म्हणत नाही. तुझ्या दिव्याला हे सगळं सांग म्हणत नाही. सांगितलंस तर एवढंच सांग, की सासू लबाड आहे, पण तिचा मोठा पोरगा नाही आणि धाकटाही नाही.

पत्र पुरं झालं. नागोरावला म्हटलं, आता मला सगळं वाचून दाखव, पहिल्यापासून. वाचून दाखवल्याशिवाय आपण अंगठा देत नाही. त्यानं वाचलं. तांदळापाशी तीच ओळ दोनदा वाचली, मग पुढं गेला.

तुमची दोघांची आई
धुरपताबाई
निशाणी अंगठा

जीवन,
वरचा मजकूर आईने सांगितला तसा लिहिला आणि तिला वाचून दाखवला. अंगठा तिने माझ्यासमोर दिला आहे.
गुलाबी कागदावरची सही माझीच होती. ही खालची पण माझी आहे. ही वाचून केली.

नागोराव